सपाट हेडच्या कडेचा स्ट्रेस प्रायमरी की सेकंडरी?

तुमच्या प्रेशर व्हेसलचं मटेरियल एसए-५१६ ग्रेड ७० (कार्बन स्टील), सपाट हेड (टोकाचं झाकण) शेलला (दंडगोल भागाला) वेल्ड केलेलं, फायनाइट एलिमेंट ॲनालिसिसमध्ये जोडापाशी आतून ३४० एमपीए स्ट्रेस आणि एएसएमईच्या प्रेशर व्हेसल कोडच्या डिव्हिजन २ प्रमाणे ॲलावेबल स्ट्रेस (एस) साधारण १७३. 'नापास धरायचं का?' असं विचारलंत. नुसत्या ३४० वरून ते ठरत नाही. कोपऱ्याला फिलेट नसेल तर मेश (एलिमेंटची जाळी) बारीक कराल तसा तो आकडा वाढतच जाईल.

आधी स्ट्रेस जाडीतून लिनिअराइझ करा, म्हणजे जाडीभरचा सरासरी भाग (मेम्ब्रेन) आणि सरळ रेषेत बदलणारा भाग (बेंडिंग) वेगळे काढा. स्ट्रेसचे सहाही घटक वेगवेगळे लिनिअराइझ करून मगच व्हॉन मिसेस (सगळ्यांचा मिळून एक समतुल्य आकडा) काढा, उलट क्रमाने नको. समजा मेम्ब्रेन १२० आला आणि मेम्ब्रेन अधिक बेंडिंग ३१०. वर उरतो तो पीक (एका जागी साचलेला स्ट्रेस), त्याचा हिशेब फटीगमध्ये, म्हणजे वारंवारच्या लोडने तडे जाण्याच्या तपासणीत.

आता खरा प्रश्न: तिथलं मटेरियल यील्ड झालं (कायमचं ताणलं गेलं) तर स्ट्रेस सुटेल का? प्रेशर तोलून धरणारा स्ट्रेस यील्ड झाल्याने सुटत नाही, तो प्रायमरी. बेंडिंगसह त्याची मर्यादा १.५एस, म्हणजे इथे २६०. हा १.५ आयताकृती छेदातून येतो: बाहेरचा थर यील्ड झाल्यावरही पूर्ण प्लास्टिक व्हायला दीडपट मोमेंट लागतो. शेल आणि हेड एकमेकांना मोकळं वाकू देत नाहीत म्हणून येणारा स्ट्रेस मात्र थोडं यील्ड झालं की ओसरतो, तो सेकंडरी. तो धरून मर्यादा ३एस, म्हणजे ५२०, यील्डच्या दुप्पट. तेवढ्या रेंजपर्यंत (लोड चढता-उतरताना स्ट्रेस जितका बदलतो ती रेंज) शेकडाउन होतो, म्हणजे सुरुवातीच्या यील्डनंतर मटेरियल पुन्हा इलॅस्टिक वागतं. ही मर्यादा रेंजची आहे, एका लोडच्या आकड्याची नाही, हे बरेच जण विसरतात.

म्हणजे ३१० पास? सपाट हेडमध्ये इथेच फसगत होते. कडेचा मोमेंट हेडच्या मध्यावरचं बेंडिंग कमी करतो. कड घट्ट धरलेल्या प्लेटपेक्षा नुसत्या टेकवलेल्या प्लेटच्या मध्यावर सुमारे अडीचपट स्ट्रेस येतो. तेव्हा कड टेकवलेली धरून मध्य तपासा. तो २६०च्या आत बसला तर कडेचं बेंडिंग सेकंडरी, ३१० चालेल. नाही बसला तर मध्य त्या मोमेंटच्या भरवशावर उभा आहे. मग कडेचं बेंडिंगही प्रायमरी, आणि ३१० नापास.

वर्गीकरणावर वाद होत असेल तर लिमिट लोड ॲनालिसिस (प्लास्टिक होऊन कोसळायला किती लोड लागेल ते थेट काढणं) करा, मला तेच बरं वाटतं. फक्त रॅचेटिंग (दर सायकलला थोडं थोडं कायमचं ताणलं जाणं) आणि फटीग तरीही वेगळे तपासावे लागतात.