फुकट रेशन आणि लाडकी बहीणमुळे मराठवाड्यात मजूर मिळेनासे झालेत का?

फुकट मिळतं म्हणून लोक आळशी झालेत, असं म्हणतात. मला नाही वाटत. हिशोब मांडून बघा. लाडकी बहीणचे महिन्याला 1500 रुपये, म्हणजे दिवसाला 50. रेशनवर माणशी 5 किलो धान्य. एवढ्यात तेल-मीठ, दवाखाना, पोरांची शाळा कसं भागणार? बीडकडची जोडपी दरवर्षी दिवाळीच्या सुमारास उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन ऊसतोडीला जातात, पार कर्नाटकापर्यंत. चार-पाच महिने कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहतात, पहाटेच उसाच्या फडात उतरतात. आळशी माणूस हे करेल?

सोयाबीन काढायला माणूस मिळत नाही ही अडचण खरी आहे, मीही दरवर्षी भोगतो. पण सगळ्यांची काढणी एकदमच येते आणि तरणी पोरं पुण्याला गेलेली असतात. शिवाय घरात दाणे असले की बाई पडेल त्या मजुरीला हो म्हणत नाही. हे मला चांगलंच वाटतं, माझा खर्च वाढला तरी.

1972 च्या दुष्काळात इथल्या लोकांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले. राज्याचा 1977 चा रोजगार हमी कायदा त्याच अनुभवातून आला. तेव्हा लोकांनी कामच मागितलं होतं. आज रोहयोची मजुरी उशिरा येते, त्यावर मात्र कुणी वाद घालत नाही.