हिवाळ्यापुरती मोटरहोम घ्यावी का?

प्रश्न : मी ६२ वर्षांचा असून दोन वर्षांपूर्वी सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालो. पत्नी ५९ वर्षांची आहे. तिला दम्याचा त्रास आहे आणि डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीने तो बळावतो. म्हणून दर हिवाळ्यात अडीच महिने कोकण, गोवा, कर्नाटकची किनारपट्टी आणि केरळ असा प्रवास स्वतःच्या मोटरहोममधून करावा, असे आम्ही ठरवत आहोत. शाळेच्या मुलांची ने-आण करणारी २०१९ सालची एक मोठी व्हॅन ९ लाखांत मिळते आहे आणि आतील कामासाठी ११ लाखांचे कोटेशन आले आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख (खाते वीस महिन्यांचे), बँकेत मुदत ठेव १४ लाख आणि इक्विटी म्युच्युअल फंडात ४२ लाख आहेत. भविष्य निर्वाह निधीचे निवृत्तिवेतन महिना ५,५०० रुपये असून घरखर्च महिना ४८,००० रुपये आहे. घर स्वतःचे आहे. सिन्नरजवळ २०११ साली ५ लाखांना घेतलेला एक एन.ए. प्लॉट आहे, पण सिंहस्थामुळे भाव वाढतील म्हणून तो ठेवला आहे. वीस लाख कुठून काढावेत? विक्रेत्याने ५०,००० रुपये इसार मागितला आहे.

उत्तर : वीस लाख कुठून काढावेत, असे तुम्ही विचारले आहे. त्याआधी ते काढल्यावर मागे काय उरते, हे पाहणे आवश्यक आहे. तुमच्या पत्रात तो हिशेब नाही, म्हणून मी तेथूनच सुरुवात करतो.

आज ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतून ८.२ टक्के दराने दर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिना २०,५०० रुपये येतात. मुदत ठेवीवर ७ टक्के धरले, तर महिना ८,१०० रुपयांच्या आसपास व्याज मिळते. निवृत्तिवेतन मिळवून ही रक्कम ३४,००० रुपयांच्या थोडी वर जाते. घरखर्चाला कमी पडणारे पावणेचौदा हजार तुम्ही म्युच्युअल फंडातून काढत असणार, म्हणजे वर्षाला सुमारे १ लाख ६६ हजार. ४२ लाखांवर हे प्रमाण चार टक्क्यांच्या आत आहे आणि ते समाधानकारक आहे.

आता मुदत ठेव मोडून १४ लाख आणि फंडातून ६ लाख काढले, असे समजू. ठेवीचे व्याज बंद होते, फंड ३६ लाखांवर येतो आणि घरखर्चातील तूट महिना २२,००० रुपये होते. गाडीचा विमा, कर, देखभाल आणि वर्षभर उभी करण्याची जागा यांसाठी ७०,००० रुपये धरा. एका हिवाळ्यात साडेचार हजार किलोमीटर फिरलात, लिटरला ९ किलोमीटर पडले आणि डिझेल ९० रुपये धरले, तर आणखी ४५,००० रुपये लागतील. एकूण ३ लाख ७९ हजार रुपये दरवर्षी ३६ लाखांतून काढावे लागतील आणि हे प्रमाण साडेदहा टक्के होते. फंडाचा परतावा ९ टक्के, महागाई ६ टक्के आणि ठेवींचे व्याज आहे तेवढेच राहील, असे धरून मी वर्षवार आकडे मांडून पाहिले. या मार्गाने फंड दहाव्या वर्षी संपतो. तेव्हा तुमच्या पत्नी ६८ वर्षांच्या असतील. गाडी न घेतल्यास त्याच गृहीतकांवर दहाव्या वर्षाअखेर फंडात ४६ लाखांहून अधिक रुपये आणि बँकेतील १४ लाख शाबूत असतील. बाजार याहून चांगला किंवा वाईट वागू शकतो, परंतु दोन चित्रांतील अंतर त्याने फारसे मिटणार नाही.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते मोडण्याचा विचार तर सर्वस्वी सोडून द्यावा. एक वर्षानंतर व दोन वर्षांच्या आत खाते बंद केल्यास ठेवीच्या दीड टक्का, म्हणजे ४५,००० रुपये कापले जातात आणि दोन वर्षांनंतर एक टक्का. कपातीपेक्षाही, पाच वर्षांसाठी बांधलेला ८.२ टक्क्यांचा दर हातचा जातो, हे नुकसान मोठे आहे. उलट पुढील वर्षी पत्नीला साठ वर्षे पूर्ण झाल्यावर त्यांच्या नावे असेच खाते उघडून बँकेतील ठेवीचा मोठा भाग तिकडे वळवावा, असे मी सुचवेन. तुम्ही दिलेल्या पैशांवरील ते व्याज करासाठी तुमच्याच उत्पन्नात धरले जाईल. मात्र नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नियमित उत्पन्नावर करात पूर्ण सूट मिळत असल्याने तुम्हाला त्याची झळ बसणार नाही.

आता गाडीकडे वळू. दहा वर्षांनी तिचे ४ लाख आले, असे उदारपणे धरले, तरी १६ लाखांची घट, म्हणजे वर्षाला १ लाख ६० हजार. सरासरी १२ लाख रुपये तिच्यात अडकून राहतात, त्यावरचे बुडालेले व्याज ७ टक्क्यांनी ८४,००० रुपये. देखभालीचे ७०,००० मिळवले की डिझेल सोडून वर्षाचा खर्च ३ लाख १४ हजार होतो. खरोखर ७५ रात्री गाडीत काढल्या, तर एका रात्रीला सुमारे ४,२०० रुपये पडतात. नातवंडांची सुट्टी, घरातले लग्न किंवा दवाखाना यांमुळे पंचवीसच रात्री झाल्या, तर तोच आकडा साडेबारा हजारांवर जातो. किनाऱ्यावरच्या एखाद्या गावात स्वयंपाकघरासह खोली दिवसाला १,५०० रुपयांनी घेतली, तर ७५ रात्रींचे १ लाख १२ हजार ५०० रुपये होतात. नाशिकरोडला थांबणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस कोकण रेल्वेने मडगाव, मंगळुरूमार्गे थेट एर्नाकुळमला जाते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. स्वतःच्या चाकांवरच्या घरात राहण्याची हौस रेल्वेने भागत नाही, हे मला मान्य आहे. परंतु हौसेची किंमत किती, हे कळल्यावर तिला होकार देणे सोपे जाते.

या गाडीबाबत माझी सर्वांत मोठी शंका पैशांची नसून कागदपत्रांची आहे. शाळेच्या कंत्राटावर चालणारी व्हॅन व्यावसायिक वाहन म्हणून नोंदलेली असते आणि तिचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी करावे लागते. ती खासगी नोंदणीत आणण्यासाठी परमिट रद्द करणे, कराचा फरक भरणे आणि विक्रेत्यावर बँकेचे कर्ज असल्यास त्याचा बोजा उतरवणे, ही कामे आधी व्हायला हवीत. त्यापुढचा प्रश्न आतील कामाचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीमधील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. आसने काढून पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि शौचालय बसवले, पण आरसीवर ती प्रवासी व्हॅनच राहिली, तर अपघातानंतर विमा कंपनी नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवते. ‘आरटीओचे आम्ही बघून घेऊ’ असे गॅरेजवाल्याचे तोंडी आश्वासन मी माझ्या अशिलांना कधीही पुरेसे मानू देत नाही.

अकरा लाखांच्या कोटेशनमध्ये एसी, लिथियम बॅटऱ्या आणि मोठा इन्व्हर्टर यांचे मिळून पावणेतीन लाख आहेत, असे तुम्ही पाठवलेल्या प्रतीत दिसते. एक टनाचा एसी चालू असताना साधारण एक किलोवॅट वीज घेतो. रात्रीच्या सहा तासांत, मधूनमधून बंद पडत असला तरी, चार युनिट सहज जातात. १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासाच्या एका लिथियम बॅटरीत अडीच युनिटांच्या थोडी वर वीज मावते. म्हणजे एका रात्रीलाही एक बॅटरी पुरत नाही आणि छतावरचे ४०० वॅटचे सौर पॅनेल दिवसभरात दीड-दोन युनिटांपेक्षा फारसे देणार नाही. थोडक्यात, बाहेरचा वीजजोड नसेल तेथे तो एसी शोभेचा ठरेल आणि वीजजोड असलेल्या ठिकाणी एवढ्या बॅटऱ्यांची गरज नाही. तुम्ही निफाडचा पारा उतरला म्हणून पळता आहात. द्राक्षबागायतदार बागांत शेकोट्या पेटवतात त्या दिवसांत कोकणातली रात्र सुखद असते आणि केरळात पंख्यावर भागते. छताला चांगले उष्णतारोधक अस्तर, छतातला हवा बाहेर टाकणारा पंखा, खिडक्यांना जाळ्या, एक मध्यम बॅटरी आणि बारा व्होल्टवर चालणारा लहान फ्रीज एवढ्यावर काम होते.

हवा खेळती ठेवण्याचा मुद्दा दम्याच्या दृष्टीने आणखी महत्त्वाचा आहे. किनाऱ्यावरच्या दमट हवेत, आत शिजवले आणि कपडे वाळत घातले, तर बंद गाडीत ओल साठते, बुरशी धरते आणि ज्या त्रासासाठी घर सोडले तोच गाडीत येऊन बसतो. त्यामुळे तुमच्या छातीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये. स्वयंपाकाच्या गॅसबाबत एवढेच सांगतो की तो हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साठतो. म्हणून झरोका खालच्या बाजूला हवा आणि झोपण्याच्या जागेजवळ सिलिंडर नको. शंभर लिटरच्या टाकीत शंभर किलो पाणी असते, हे वजनाच्या हिशेबात धरावे. टायर किती झिजले, एवढेच न पाहता बाजूवरील चार आकड्यांतून त्यांच्या निर्मितीचा आठवडा आणि वर्षही वाचावे. कसारा घाट उतरताना वजन आणि जुने टायर या दोन्हींची एकत्र परीक्षा होते. वाहन चालवणारे तुम्ही एकटेच आहात, ही बाबही मी खर्चाइतकीच गंभीर मानतो.

मग ही इच्छा सोडूनच द्यायची का? तसे मला वाटत नाही, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत उपयोगी मालमत्तेचा उल्लेख तुम्ही अर्ध्या वाक्यात केला आहे. सिन्नरचा प्लॉट तुम्हाला दरमहा काहीही देत नाही. समृद्धी महामार्ग सिन्नर तालुक्यातून जाणार म्हणून भाव वाढतील, असे अनेक वर्षे सांगितले गेले. आता सिंहस्थाचे नाव घेतले जाते. भाव वाढतीलही. मात्र साठीनंतर जमिनीचा भाव वाढण्याची वाट पाहणे आणि त्याच वेळी पोटापाण्याची ठेव मोडून गाडी घेणे, ही उलटी गंगा आहे. प्लॉटला १८ लाख आले असे धरू. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमिनीच्या विक्रीतील नफ्यावर निवासी व्यक्तीला, खरेदी किंमत महागाई निर्देशांकाने न वाढवता १२.५ टक्के किंवा ती वाढवून २० टक्के, यांपैकी कमी भरेल तो कर द्यावा लागतो. तुमच्या आकड्यांत दोन्ही पद्धतींनी तो दीड ते पावणेदोन लाखांच्या घरात येतो. हातात सव्वासोळा लाख उरतील. त्यातले जास्तीत जास्त १२ लाख गाडी आणि आतील काम मिळून खर्च करावेत. उरलेले सव्वाचार लाख प्रवासासाठी वेगळ्या ठेवीत ठेवावेत. साधी गाडी घेतली, तर डिझेल आणि देखभालीला वर्षाला ९५,००० रुपये धरून ते चार-पाच हिवाळे पुरतील. म्युच्युअल फंड, बँकेची ठेव आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते यांना हात लागणार नाही. ही ठेव संपेल त्या वर्षी गाडी विकायची, हे आजच उभयतांनी ठरवून टाकावे. प्लॉटच्या सातबाऱ्यावर तुमचे नाव आणि एन.ए.चा आदेश व्यवस्थित आहे ना, हे आधी पाहा. कारण पैसे बँकेत जमा होईपर्यंत मी कोणत्याही गाडीला होकार देणार नाही.

येत्या डिसेंबरात मात्र जाणे थांबवू नका. रेल्वेने जा, एका गावात महिनाभर खोली घ्या आणि त्याच मुक्कामात भाड्याची कॅरव्हॅन घेऊन एक आठवडा काढा. आठवड्याला पन्नास-साठ हजार लागले, तरी तो एकदाच करायचा खर्च आहे. केरळने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यानंतर तिकडे अशा गाड्यांचे मुक्कामतळ उभे राहिले आहेत, त्यामुळे चाचणी तिकडेच घेणे सोयीचे पडेल. पत्नीला रात्री श्वास कसा लागतो, शौचालयाची टाकी कोण रिकामी करतो आणि सहाव्या दिवशीही पाठ साथ देते का, ही उत्तरे तुम्हाला त्या आठवड्यात मिळतील.

जाण्यापूर्वी आरोग्य विम्याचे संरक्षण पुरेसे आहे का, हे तपासावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील जीएसटी काढल्यामुळे रक्कम वाढवणे थोडे सोपे झाले आहे. मार्गावरील कोणत्या रुग्णालयांत कॅशलेस सोय आहे, त्याची यादी सोबत ठेवावी.

इसाराबाबत : पन्नास हजार देऊ नका. विक्रेत्याने घाई केली तर करू द्या, शाळेच्या जुन्या व्हॅन दर उन्हाळ्यात विक्रीला येतात. तरीही याच गाडीवर मन बसले असेल, तर वाहन खासगी नोंदणीत वर्ग होणे, परमिट व कर्जाचा बोजा रद्द होणे आणि मोटर कॅरव्हॅन म्हणून आरसीत नोंद शक्य असल्याचे लेखी मिळणे, या अटी पूर्ण न झाल्यास इसार पंधरा दिवसांत परत मिळेल, असे स्टँप पेपरवर लिहून घ्यावे आणि रक्कम रोखीने न देता बँकेतूनच द्यावी. तो कागद लिहून द्यायला विक्रेता तयार नसेल, तर सिन्नरच्या प्लॉटला गिऱ्हाईक शोधायला लागा.