वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं: "आईचा फोन गेला असणार"

प्रश्न: ताई नमस्कार, मी राजारामपुरीत राहतो, एसवाय बीकॉमला आहे. माझी आई बास्केटबॉलमधे महाराष्ट्राकडून नॅशनल खेळलीय, त्यामुळं कोल्हापुरात खेळणारं कुणीबी भेटलं की "तू मॅडमचा मुलगा ना" इथूनच सुरुवात होते. यंदा युनिव्हर्सिटीच्या टीममधे माझं नाव आलं आणि त्याच रात्री ग्रुपवर एकानं टाकलं, आईचा फोन गेला असणार. आईनं कुणाला फोन केला नाही, मला पक्कं माहितीय. पण तेव्हापासून असं झालंय की मॅचमधे बॉल हातात आला की मी पास देऊन मोकळा होतो, शॉट घेतच नाही, चुकला तर परत तेच बोलतील. ब्रॉनी जेम्सलाही वडलांमुळंच घेतलं म्हणतात. मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय? खेळ सोडून द्यावा असं वाटायला लागलंय.

उत्तर: भावा, तुझं पत्र दोनदा वाचलं. "शॉट घेतच नाही" या वाक्यापाशी थांबले, कारण खरा त्रास तिथं आहे, ग्रुपवर नाही.

ब्रॉनीचं आधी सांगते आणि खरं तेच सांगते. हो, वडलांच्या नावाचा वाटा होता, वडील म्हणजे लेब्रॉन जेम्स, एनबीए या अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या बास्केटबॉल लीगमधला बडा खेळाडू. यूएससी कॉलेजकडून तो एकच सीझन खेळला, २५ मॅच, सरासरी ४.८ पॉइंट, उंची सहा फूट दीड इंच म्हणजे एनबीएच्या मानानं कमीच. एवढ्यावर दुसऱ्या कुठल्या पोराला २०२४ च्या ड्राफ्टमधे, म्हणजे एनबीएच्या नव्या पोरांच्या निवडीत, लेकर्स टीमनं ५५ व्या नंबरवर उचललं असतं असं मला वाटत नाही, आणि लेकर्स म्हणजे तेव्हा लेब्रॉनचीच टीम. पण ते ४.८ मोजणारे त्याच्या आधीचं मोजत नाहीत. २४ जुलै २०२३ ला कॉलेजच्या प्रॅक्टिसमधे हा पोरगा कोसळला, कार्डिॲक अरेस्ट, वय १८. जन्मापासून हृदयात दोष होता तो तेव्हा कळला, ऑपरेशन झालं, आणि १० डिसेंबरला तो परत कोर्टवर उतरला. साडेचार महिने. त्या सीझनला त्याचे पाय आणि दम कुठनं येणार होता सांग?

लेब्रॉननं २०१८ मधे एका कार्यक्रमात सांगितलं होतं की मुलाला स्वतःचं नाव दिलं याचं वाईट वाटतं. आणि तो स्वतः २००३ ला शाळेतनं थेट एनबीएमधे गेलेला, कॉलेज खेळलाच नाही. म्हणजे कॉलेजच्या वाटेवर मुलाला विचारायला घरात वडलांचा अनुभव पण नव्हता. तुझ्या घरी तो आहे, हा एक मोठा फरक.

आता मला जे म्हणायचंय ते. मोठ्या नावाच्या पोराला संधी जास्त मिळते हे खरं, पण त्याची एक गोष्ट हिरावली जाते, गपचूप वाईट खेळायची सोय. आणि त्याशिवाय कुणी शिकत नाही. आपल्या कोल्हापूरचंच बघ की. खासबाग मैदान शाहू महाराजांनी असं बांधून घेतलं की कुठंही बसा, कुस्ती दिसतेच. पण पैलवान पहिल्या दिवशी खासबागेत उतरतो का? आधी तालमीच्या हौद्यात, म्हणजे आतल्या लाल मातीच्या आखाड्यात पडतो, रोज पडतो. लहान असताना वडलांचा डबा द्यायला मी तालमीच्या दारापर्यंत जायचे, आत बघितलेलं एक पोरगं अजून डोळ्यापुढं आहे, पाठ लाल मातीनं माखलेली, कानाला माती, आणि वस्ताद एवढंच म्हणायचे, "ऊठ, परत धर." पाच वेळा पडला, सहाव्यांदा पण पडला. दाराबाहेर कुणाला पत्ता नाही. तुला हौदा मिळालाच नाही बघ, तुला डायरेक्ट खासबागेत सोडलंय.

एनबीएतला बडा शूटर स्टेफन करी, त्याचं उदाहरण तर याहून चांगलं आहे. वडील डेल करी एनबीएतले नावाजलेले शूटर, व्हर्जिनिया टेक कॉलेजचा मोठा खेळाडू. त्याच कॉलेजनं पोराला स्कॉलरशिप दिली नाही, बारीक आहे म्हणून. मग तो डेव्हिडसनला गेला, दोन हजार पोरं पण नसतील एवढं छोटं कॉलेज. २००६ मधे तिथली पहिली मॅच, आणि त्यानं १३ वेळा बॉल घालवला. तेरा! आपल्याकडं असलं काही झालं तर दुसऱ्या दिवशी पोराला बाकावर बसवतील आणि "बापाचं नाव घालवलं" म्हणतील. कोच बॉब मॅकिलॉप यांनी त्याला परत उतरवलं आणि पुढच्याच मॅचला मिशिगनविरुद्ध ३२ पॉइंट. २००८ ला तेच छोटं कॉलेज देशातल्या शेवटच्या आठ टीममधे पोचलं. मला ते ३२ पेक्षा ते १३ जास्त महत्त्वाचे वाटतात.

ब्रॉनीला हौदा उशिरा मिळाला. २८ जानेवारी २०२५ ला फिलाडेल्फियात १५ मिनिटं खेळला, पाच शॉट मारले, एकही गेला नाही, सगळ्यांनी बडवलं त्याला. पण लेकर्सची खालच्या लीगची टीम आहे, साऊथ बे, तिथं तो खेळत राहिला, आणि मार्चमधे तिथल्याच एका मॅचमधे ३९ पॉइंट टाकले. त्याच्या चारच दिवस आधी एनबीएमधे मिलवॉकीविरुद्ध १७. यावरनं तो मोठा खेळाडू झाला असं मी म्हणणार नाही. शिकायला जागा मिळाली की पोरगं शिकतं एवढंच म्हणते.

तर तुझा हौदा शोध. आईला कुणी ओळखत नाही अशा एखाद्या कोर्टवर, इचलकरंजी म्हण, सांगली म्हण, रविवारी जाऊन थ्री ऑन थ्री खेळ आणि तिथं बिनधास्त शॉट चुकव. प्रॅक्टिस मॅचमधे कोचला आधीच सांगून ठेव की आज दहा शॉट घेणार आहे, जाऊदेत न जाऊदेत. ग्रुपवर उत्तर देऊ नकोस, तिथं सिद्ध काय करणार? आणि घरी जेवताना आईला विचार, तुझी सगळ्यात वाईट मॅच कुठली होती. ती सांगेल. ते ऐकून घे, मग सोडायचं का ते ठरव.

प्रश्न: अमेरिकेत एकच वर्ष कॉलेज खेळून पोरं एनबीएत कशी जातात, डिग्री नको का? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर: डिग्रीची अट नाही. अमेरिकन खेळाडूला ड्राफ्टच्या वर्षात १९ पूर्ण होणार असावीत आणि शाळा संपून एक वर्ष झालेलं असावं, एवढंच, म्हणून बरेचजण एक वर्ष कॉलेज खेळतात आणि निघतात. करी तीन वर्षं थांबला, २००९ ला सातव्या नंबरवर निवडला गेला, आणि डिग्री त्यानं पुढं २०२२ मधे पूर्ण केली. घाई नसेल तर थांबावं असं माझं मत.

प्रश्न: मुलगी कॉलेज टीममधे आहे, मागच्या महिन्यात पळताना चक्कर येऊन पडली. सर म्हणाले उन्हामुळं. दुर्लक्ष करू का? (एक आई, शाहूपुरी)

उत्तर: अजिबात करू नका. ऊन असेलही, पण पळता पळता शुद्ध जाणं, छातीत दुखणं, किंवा घरात कुणी कमी वयात अचानक गेलेलं असणं, यातलं काही असेल तर हृदयाच्या डॉक्टरला दाखवायचंच, ईसीजी आणि इको तरी करून घ्या, आणि तोवर तिला खेळू देऊ नका. एनबीएतला जुना बडा खेळाडू शकील ओनील, त्याचा मुलगा शरीफ, त्याच्या हृदयातला दोष २०१८ मधे कॉलेजच्या तपासणीत वेळेत सापडला, ऑपरेशन झालं आणि तो परत खेळला.

आणि तिच्या सरांना एक विचाराल का? ग्राउंडवर कुणी कोसळलं आणि श्वास नसेल तर १०८ ला फोन कोण लावणार, आणि छातीच्या मध्यावर जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायला कुणाला येतं. टीममधल्या दोन पोरींना तरी शिकवून ठेवा, एका दुपारचं काम आहे.