वाचकांचे प्रश्न : मुलाखतीला जाण्यापूर्वी

प्रश्न : बी.कॉम. झाल्यानंतर मी तीन वर्षे अक्कलकोट रोड एमआयडीसीतील वडिलांच्या यंत्रमाग कारखान्यात हिशेबाचे काम पाहिले. आता निम्मे माग बंद असल्यामुळे मी बाहेर नोकरी शोधत आहे. पुण्यातील एका कंपनीने अकाउंट्स असिस्टंटच्या पदासाठी मुलाखतीला बोलावले आहे. बायोडाटात ही तीन वर्षे मी ‘गॅप’ म्हणून दाखवली आहेत. त्याबद्दल विचारले तर काय सांगावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : सर्वप्रथम बायोडाटातील ‘गॅप’ हा शब्द काढून टाका. तीन वर्षे तुम्ही घरी बसला नव्हता. पगाराची स्लिप मिळाली नाही एवढ्यावरून ते काम नव्हते असे ठरत नाही. त्या जागी कारखान्याचे नाव, कालावधी, ‘हिशेब व जीएसटी’ असे कामाचे स्वरूप आणि मालकाशी असलेले नाते सरळ लिहा. नाते लपवू नका, कारण आडनावावरून ते कळतेच आणि लपवल्यावर कळले तर उरलेल्या बायोडाटावरही शंका घेतली जाते. अनुभवाचे पत्र वडिलांच्या लेटरहेडवर घेता येईल, मात्र जो पगार घेतलाच नाही त्याच्या स्लिपा तयार करू नका.

आता खऱ्या तयारीकडे वळू. बहुतेक उमेदवार प्रश्नोत्तरांची पुस्तके पाठ करतात आणि स्वतः काय काम केले हे आठवून पाहायला विसरतात. तुम्ही एक वही घ्या आणि महिन्याच्या पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत कारखान्यात तुमच्या हातून काय काय होत असे ते लिहून काढा. सुताच्या खरेदीची बिले टॅलीत चढवणे, विणकरांची नगावरची मजुरी काढून आठवड्याचा पगार वाटणे, डाईंगला माल पाठवताना जॉब वर्कचे चलन करणे आणि परत आलेल्या मालाशी ते जुळवणे, व्यापाऱ्यांकडे वसुलीचा तगादा लावणे, बँकेचा मेळ घालणे, ही सगळी कामे कोणत्याही कंपनीच्या लेखा विभागात वेगळ्या नावाने चालतात. चादरीऐवजी मोटारीचे सुटे भाग असतील, एवढाच फरक.

या यादीतून दोन-तीन प्रसंग असे निवडा, की ज्यात काहीतरी अडले होते आणि तुम्ही ते सोडवले. एक उदाहरण देतो. मासिक विवरणपत्र भरणाऱ्या सूत व्यापाऱ्याने ११ तारखेच्या आत आपल्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्रात, तुमचे बिल दाखवले नाही, तर १४ तारखेला तयार होणाऱ्या तुमच्या २बी मध्ये, म्हणजे खरेदीवरच्या क्रेडिटच्या यादीत, ते दिसत नाही. मग २० तारखेला ३बी, म्हणजे कर भरण्याचे विवरणपत्र, भरताना त्या बिलावरचे क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) घेता येत नाही आणि तेवढा कर खिशातून भरावा लागतो. पैशांची आधीच ओढाताण असलेल्या कारखान्याला ही रक्कम जड जाते. दर महिन्याला १० तारखेपूर्वी व्यापाऱ्यांना फोन करून बिले चढवली का याची खात्री करून घेण्याची पद्धत तुम्ही बसवली असेल, तर मुलाखतीत सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे. अडचण काय होती, तुम्ही नेमके काय केले आणि त्यानंतर काय फरक पडला, हे दीड-दोन मिनिटांत सांगून थांबा. ‘मी मेहनती आहे, मला शिकण्याची आवड आहे’ ही वाक्ये समोरच्याने त्या दिवशी अनेकांच्या तोंडून ऐकलेली असतात.

मात्र प्रसंग खरा हवा. अनुभवी मुलाखतकार पहिल्या प्रश्नावर फारसा थांबत नाही. तो लगेच विचारतो, ‘क्रेडिट किती रकमेचे अडकले होते? व्यापारी ऐकत नसेल तर काय करत होता?’ ऐकीव किंवा रचलेला प्रसंग या दुसऱ्या प्रश्नाला कोसळतो, आणि ज्याने काम केले आहे त्याला मात्र तिथेच बोलावेसे वाटते. त्यामुळे आकडे जुन्या फायलींतून एकदा पाहून घ्या.

विषयाचे मूलभूत प्रश्नही होतील. धनादेश दिला, पण तो अजून वटलेला नाही. अशा वेळी पासबुकातील शिल्लक कॅशबुकापेक्षा जास्त दिसेल की कमी? (जास्त.) डेबिट नोट कोण काढतो, घसारा का धरतात, असे प्रश्न बी.कॉम. झालेल्यांनाही गडबडवतात, कारण रोज सॉफ्टवेअरवर काम करताना त्यामागचे कारण विस्मरणात जाते. आणि नोकरीची जाहिरात पुन्हा नीट वाचा. त्यात एक्सेलचा उल्लेख असेल, तर व्ही-लुकअप आणि पिव्हट टेबल हाताखालून गेलेले असावे. संगणकासमोर बसवून करून दाखवायला सांगण्याची पद्धत आता सर्रास आहे.

एक प्रश्न तुम्हाला हमखास येईल : ‘उद्या सुताचा भाव उतरला आणि धंदा सावरला, तर परत जाल का?’ तुमच्या त्या तीन वर्षांबद्दल समोरच्याला खरी भीती हीच असते. वडिलांनी कारखान्याचा व्याप कमी केला आहे, उरलेले काम ते स्वतः पाहतात आणि तुम्हाला लेखा क्षेत्रातच पुढे जायचे आहे, हे खरे असेल तर दोन वाक्यांत सांगा. घरच्या धंद्याची किंवा सरकारी धोरणाची तक्रार तिथे करू नका. ती कितीही रास्त असली तरी त्यातून तुमच्याबद्दल काही कळत नाही.

प्रश्न : आम्ही विडी घरकुल भागात राहतो. घरात तेलुगू बोलतो, शिक्षण मराठी माध्यमातून झाले. सोलापुरातच एका खासगी रुग्णालयात रुग्णांच्या नोंदणी कक्षासाठी मुलाखत आहे. इंग्रजी बोलताना मी अडखळते. शिवाय घरची माहिती विचारली, तर आई विड्या वळते हे सांगावे का?
– एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : ‘आई विडी कामगार आहे’ हे जरूर सांगा, आवाज न उतरवता, एका वाक्यात. त्याला जोडून हलाखीचे वर्णन नको आणि अभिमानाचे भाषणही नको. नोकरी सहानुभूतीवर मिळालीच, तरी ती टिकवावी लागते कामावर. घरच्या माहितीच्या निमित्ताने लग्न कधी करणार असे विचारले जाण्याचा संभव आहे. माझ्या मते हा प्रश्न गैर आहे, पण तिथे वाद न घालता ‘मला ही नोकरी दीर्घकाळ करायची आहे’ एवढे सांगून विषय कामावर आणावा.

भाषेच्या बाबतीत तर तुम्ही स्वतःला उगाच कमी लेखत आहात. सोलापूरच्या रुग्णालयांत विजयपूर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतून कितीतरी रुग्ण येतात, आणि शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी घरे किती आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाला केसपेपर कुठे काढायचा हे त्याच्या भाषेत समजावून सांगणारी व्यक्ती नोंदणी कक्षाला हवीच असते. तेलुगू, मराठी, हिंदी आणि थोडीफार कन्नड येत असेल तर तीही, असे बायोडाटात वरच्या भागात लिहा.

इंग्रजीसाठी दहा सोपी वाक्ये स्वतःच तयार करा : नाव, शिक्षण, हे काम का हवे, संगणकावर काय येते. ती मनात न वाचता मोठ्याने म्हणा. जीभ वळण्यासाठी तोच उपाय आहे. प्रश्न कळला नाही तर ‘प्लीज रिपीट, मॅडम’ म्हणण्यात कमीपणा नाही. मुद्दा मोठा असेल, तर ‘मे आय आन्सर इन मराठी?’ असे विचारून मराठीत नीट उत्तर द्या. अर्धवट इंग्रजीत चुकीची माहिती देण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

प्रश्न : पुण्यात मला तीन लाखांचे पॅकेज सांगितले आहे. ‘अपेक्षा किती?’ असे विचारल्यास काय सांगावे?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : आधी हातात काय येणार ते काढा. तीन लाखांचे महिना २५,००० दिसतात, पण मूळ वेतन १२,५०० धरले तर त्या २५,००० मधून कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी १,५००, तुमच्या वाट्याचा १,५००, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ६०० आणि व्यवसाय कर २०० वजा होतो. उरतात साधारण २१,२००. आरोग्य विम्याचा हप्ता कापत असतील तर आणखी कमी. पुण्यातील खोलीभाडे आणि मेस यांचा हिशेब त्यावर मांडा आणि मगच आकडा सांगा. ‘तुम्ही द्याल ते’ असे म्हणू नका, आणि पगाराचा विषय त्यांनी काढेपर्यंत आपण काढू नका.

प्रश्न : हिंजवडीत सकाळी अकराची मुलाखत आहे. त्याच दिवशी सोलापूरहून निघाले तर चालेल का?
– एक वाचक, मोहोळ

उत्तर : चालणार नाही. हुतात्मा एक्स्प्रेस पुण्यात पोहोचेपर्यंत दहा वाजून जातात आणि स्थानकापासून हिंजवडीची वाहतूक कोणाच्या हातात नसते. आदल्या रात्री नातेवाइकांकडे किंवा मित्राच्या खोलीवर मुक्काम करा. ते शक्य नसेल तर दुपारची वेळ मिळेल का, असे दोन दिवस आधी ईमेलने विचारा. मूळ प्रमाणपत्रे आणि झेरॉक्सचा एक संच वेगवेगळ्या फायलींत ठेवा. इतके करूनही उशीर होणार असे दिसले, तर अकरा वाजण्यापूर्वी फोन करून कळवा.