पुरलेल्या रोमन चांदीला काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: इंग्लंडमध्ये हॉक्सन इथे सापडलेल्या रोमन सोन्याचांदीबद्दल मराठीत लिहिताना ‘गुप्तधन’ म्हणावं, ‘खजिना’ म्हणावं, की आणखी काही?

‘गुप्तधन’ शक्यतो नको. अर्थ चुकत नाही, पण मराठीत त्या शब्दामागोमाग मांत्रिक, पायाळू माणूस, अंजन आणि धनावर बसलेला नाग एवढी मंडळी येतात. हॉक्सनला यातलं कोणी नव्हतं. नोव्हेंबर १९९२ मध्ये सफक परगण्यातल्या एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याचा मित्र धातुशोधक यंत्र घेऊन तो शोधायला गेला आणि यंत्र वाजलं ते चांदीवर. थोडं उकरून त्याने हात आवरला आणि लगेच कळवलं, म्हणून पुरातत्त्वज्ञांना पेटीतली मूळ मांडणी पाहता आली. (हातोडाही सापडला; तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे!) ऐवज लाकडी पेटीत होता, तेव्हा ‘मोहरांचा हंडा’ही बाद.

‘खजिना’ चालेल, पण तो शब्द ढिला आहे. खजिन्यात आवक-जावक चालू असते, त्यावर खजिनदार असतो. इथे कोणीतरी जवळपास १५ हजार नाणी, दागिने, चमचे आणि मिरपुडीच्या चार चांदीच्या डब्या नीट बांधून जमिनीत ठेवल्या. हे इ.स. ४०७ नंतरचं, म्हणजे ब्रिटनमधून रोमची सत्ता उठत होती तेव्हाचं. (डब्यांतली मिरी जायची ती भारतातून. लॅटिन ‘पिपेर’चं मूळही आपल्या पिप्पलीतच.)

पुरणाऱ्याला ते परत काढायचं होतं का, यावर त्या वेळच्या इंग्लिश कायद्यात सगळा निकाल असे. परत नेण्यासाठी लपवलेलं सोनं-चांदी राजसत्तेचं. मृतासोबत कायमचं पुरलेलं असेल तर नाही. म्हणून १९३९ मध्ये सफकमधल्याच सटन हू इथल्या दफनातला ऐवज जमीनमालकिणीचा ठरला आणि तिने तो म्युझियमला देऊन टाकला. हॉक्सनचा मात्र राजसत्तेकडे गेला.

आपल्याकडे या अर्थाचा जुना शब्द ‘निधि’. नि + धा, म्हणजे खाली ठेवणं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात जुन्या निधीचा अर्धा वाटा राजाचा सांगितला आहे. मराठी इनामपत्रांत तर ठरलेलं पालुपदच असे: ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप सहित’. झाडं, दगड, पाणी यांच्याबरोबर जमिनीच्या पोटातलं धनही इनामदाराचं. जमिनीत सापडणाऱ्या धनाबद्दलच्या भारतातल्या १८७८ च्या कायद्यासाठी ‘निखात निधी’ असा शब्द आहे. निखात म्हणजे पुरलेला. कायद्याबद्दल लिहायचं असेल तर तोच वापरावा. पण नुसता ‘निधी’ म्हटलं की आज आमदार निधी आठवतो, त्याला इलाज नाही.

साध्या लेखात मी ‘पुरलेला ठेवा’ लिहीन. ठेवा ‘ठेवणे’पासून आला, आणि ठेवणारा परत न्यायला येणार हे त्यात गृहीत आहे. हॉक्सनच्या पेटीला तो चपखल बसतो. मात्र ‘पुरलेला’ गाळू नये; सांस्कृतिक ठेवा, अनमोल ठेवा म्हणून म्हणून एकटा ‘ठेवा’ फार गुळगुळीत झाला आहे.

‘घबाड’ हा शब्द सापडवणाऱ्याच्या बाजूने लिहिताना अगदी योग्य. त्या मित्राला साडेसतरा लाख पौंडांचं बक्षीस मिळालं, आणि ते त्याने हातोडेवाल्या शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं.