इंग्लंडमध्ये कुंड्यांसाठी पीटचं कंपोस्ट घ्यावं की पीट-फ्री?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडला येऊन चारच महिने झालेत, बाल्कनीत कोथिंबीर, मेथी, मिरची आणि टोमॅटो लावायचेत, दुकानातली पीट-फ्री, म्हणजे दलदलीतून काढलेलं पीट नसलेली, पिशवी महाग आहे आणि शेजारचे आजोबा म्हणतात की त्यात काही उगवत नाही.

पीट-फ्रीच घ्या. आजोबा अगदीच खोटं बोलत नाहीत, पण खोट बहुतेक वेळा झारी धरणाऱ्या हातात असते. माझ्याही होती.

आधी शब्दाचा घोळ. आपल्याकडे कंपोस्ट म्हणजे खत, मातीत मूठ-दोन मुठी मिसळायचं. इथल्या पिशवीवरचं 'कंपोस्ट' हे मातीच्या जागी कुंडीत थेट भरायचं असतं. मला हे कळेपर्यंत एक अख्खा हंगाम गेला.

पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचत गेलेलं, अर्धवट कुजलेलं स्फॅग्नम शेवाळ. तिथलं पाणी आंबट, हवा आत जात नाही, त्यामुळे कुजणं पुरं होतच नाही. थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर चढतो. म्हणजे वीतभर पीट दोनशेहून जास्त वर्षांचं! चेशर परगण्यातल्या लिंडो मॉस या दलदलीत १९८४ साली पीट काढणाऱ्या कामगारांना एक माणूस सापडला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, कातडी आणि दाढीसकट. तो आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, वेळ काढून बघून या. त्या माणसाचं जे झालं तेच कार्बनचंही होतं, पाण्याखाली तो तसाच राहतो. चर खणून दलदल सुकवली, पीट उपसून कुंडीत भरलं की त्याला हवा लागते आणि तो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. पृथ्वीच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के जागा पीटची, पण तिच्यात जगातल्या सगळ्या जंगलांहून जास्त कार्बन आहे. एवढं सगळं मेथीच्या एका जुडीसाठी खणायचं, हे मला पटत नाही.

सरकारच्या भरवशावर राहू नका. घरच्या बागांमधून २०२० पर्यंत पीट आपखुशीने बंद व्हावं असं २०११ मध्ये ठरलं होतं, ते झालं नाही. मग २०२२ मध्ये २०२४ पर्यंत विक्रीबंदीची घोषणा झाली. २०२४ उलटलं तरी कायदा काही आला नाही. त्यामुळे पिशवी उलटीपालटी करून वाचायची सवय लावा. 'ऑरगॅनिक' किंवा 'पर्यावरणस्नेही' लिहिलंय म्हणजे पीट नाही असं नव्हे. 'पीट-फ्री' हे शब्द नसतील तर आत पीट आहे असंच धरा. 'जॉन इन्स' नावाच्या पिशव्या मातीच्या वाटतात, पण १९३०च्या दशकातलं त्यांचं मूळ प्रमाणच सात भाग माती, तीन भाग पीट, दोन भाग वाळू असं आहे. पीटशिवायच्याही मिळतात, बघून घ्या.

पीट-फ्रीमध्ये असतं काय? लाकडाचा तंतू, कुजवलेली झाडाची साल, बागेतल्या कचऱ्याचं खत आणि आपला कोकोपीट. कोकोपीट या नावात पीट असलं तरी तो नारळाच्या सोडणातला भुसा. माझं माहेर मालवणकडचं. आमच्याकडे सोडणं न्हाणीच्या चुलीत जात, नाहीतर माडाच्या आळ्यात पुरत, ओल धरायला. त्याचीच दाबलेली वीट इथे पैसे मोजून घेताना पहिल्यांदा हसूच आलं. पण कोकोपीटही धुतल्या तांदळासारखा नाही. सोडणात क्षार असतात, ते काढायला धुवायला लागतं, त्यात गोडं पाणी जातं, वर दक्षिण भारत किंवा श्रीलंकेपासूनचा बोटीचा प्रवास. तरी काथ्या काढल्यावर उरणाऱ्या भुशाचा तो उपयोग आहे, दलदल खणावी लागत नाही. पुण्यात असतात तर डोळे मिटून कोकोपीट सांगितला असता. इथे मी लाकूड-सालीच्या मिश्रणाला झुकतं माप देते.

आता झारीचं. पीट सुकलं की वरून रंग फिकटतो, माणूस पाणी घालतो. पीट-फ्री वरून कोरडं ठणठणीत दिसतं आणि तळाशी चिंब असतं. पहिल्या वर्षी मी रोज संध्याकाळी वरचा थर बघून पाणी घातलं. मिरचीची चोवीसच्या चोवीस रोपं मुळाशी कुजली आणि चिलटं झाली ती वेगळीच. तेव्हापासून कुंडी उचलून बघते. हलकी लागली तर पाणी, जड लागली तर उद्या. नाहीतर बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा. थोडं थोडं वरचेवर घालायचं, भसकन ओतायचं नाही.

दुसरं म्हणजे खाऊ. लाकडाचा तंतू कुजताना नायट्रोजन स्वतःच खातो, म्हणून पानं लवकर पिवळी पडतात. चार-पाच आठवड्यांनी द्रवखत सुरू करा, टोमॅटोला फळ धरल्यावर पोटॅशवालं. पिशवी ताजी घ्या. मागच्या वर्षीची, दुकानाबाहेर पावसात भिजलेली स्वस्तात मिळाली तरी नको.

बी पेरताना तेच कंपोस्ट चाळून घ्या, काड्या राहिल्या की कोथिंबिरीचे कोंब वाकडे येतात. मेथीला उथळ ट्रे पुरतो. ऑक्टोबरमध्ये पार्कात पानगळ होते, पण तिथून पानं उचलू नका. एखाद्या शेजाऱ्याच्या अंगणातली मागून घ्या. काळ्या पिशवीत ओली करून भरा, भोकं पाडा आणि दीड-दोन वर्षं विसरा. असं फुकटचं पानखत मी दर वर्षी मिश्रणात घालते. आजोबांकडे बाग असेल तर पानं त्यांच्याकडेच मागा, बोलणंही होईल.

मिरची मात्र मे संपेपर्यंत बाहेर काढू नका. रात्रीच्या थंडीत ती कुठल्याही कंपोस्टमध्ये मान टाकते.