वाचकांचे प्रश्न : नुसता घाट चढून भागत नाही

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. रोज पहाटे यवतेश्वर घाट चढून कासच्या रस्त्याने फिरून येतो. माउंटन बायकिंगच्या (डोंगराळ, कच्च्या वाटांवरच्या सायकलिंगच्या) क्रॉस-कंट्री प्रकारात करिअर करायचं म्हणतो. आत्तापासून काय करावं? पुढे पोटापाण्याचं काय?
– एक पालक, सातारा

उत्तर : घाट चढणारी पोरं साताऱ्याला नवी नाहीत. पण क्रॉस-कंट्रीत दम एका चालीने लागत नाही. ऑलिंपिक प्रकारात चार-सहा किलोमीटरच्या मातीच्या फेऱ्या असतात आणि वरच्या (एलिट) गटाची शर्यत ८० ते १०० मिनिटं चालते. सगळे एकदम सुटतात आणि थोड्याच वेळात वाट अरुंद होते. तिथे जो मागे अडकला तो पुढच्याच्या चालीनेच चढणार, पाय कितीही ताजे असोत. आंतरराष्ट्रीय नियमात आणखी एक कात्री आहे. पहिल्या फेरीला आघाडीवीराला १५ मिनिटं लागली, तर त्याच्यामागे १२ मिनिटं पडलेल्याला, म्हणजे त्या फेरीच्या वेळेच्या ८० टक्के मागे असलेल्याला, शर्यतीबाहेर काढतात.

म्हणून लांब घाटाला आठवड्यातला एकच दिवस द्या. दुसऱ्या दिवशी चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं सावकाश, असं पाच वेळा. तिसऱ्या दिवशी सुटण्याचा सराव : एक पाय जमिनीवर, ३० सेकंद पूर्ण जोर आणि न थांबता पुढची दोन मिनिटं ओढायची. उरलेला वेळ मुरमाड उतार, दगडी पायऱ्या आणि तीव्र वळणांवर. मात्र कास पठारावर डांबरी रस्ता सोडू नका. २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे आणि चाकाखाली फुलांची मुळं जातात.

वयाची घाई नको. वर्ष संपताना जे वय होतं त्यावर गट ठरतो : १७-१८ ज्युनिअर, १९ ते २२ अंडर-२३, त्यापुढे एलिट. स्वित्झर्लंडच्या निनो शुर्टरला ऑलिंपिकमध्ये २२व्या वर्षी ब्राँझ, २६व्या वर्षी रौप्य आणि ३०व्या वर्षी सुवर्ण मिळालं.

बक्षिसांच्या रकमेवर घर चालणार नाही, हे आधीच गृहीत धरा. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची पडताळणी झाल्याशिवाय उपयोग नाही. प्रत्येक स्पर्धेत नाव शाळेच्या दाखल्याप्रमाणेच लिहा, मूळ प्रमाणपत्रं जपा आणि पदवी सोडू देऊ नका.

प्रश्न : दंडोबाच्या डोंगरात मागचा ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) टायर सारखा हवा सोडतो. हवा वाढवली तर सायकल उडते. वजन ६२ किलो, टायर २९ बाय २.२५ इंच.
– एक सायकलपटू, मिरज

उत्तर : तुमच्या वजनाला पुढे १९-२० आणि मागे २१-२३ पीएसआयपासून (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करा आणि एकेका पीएसआयने बदला. मोठ्या पंपाचा काटा इतक्या खाली नीट दाखवत नाही. कमी दाबाचा वेगळा गेज घ्या.

त्याआधी सीलंट, म्हणजे टायरच्या आत भोकं बुजवणारा द्रव, पाहा. उन्हाळ्यात ते दोन महिन्यांतच आटतं. चाक कानाजवळ हलवा. आत पाण्यासारखा आवाज आला नाही तर व्हॉल्व्हचा गाभा काढून ९०-१०० मिली भरा. मग साबणाचं पाणी लावा. बुडबुडे स्पोकच्या मुळाशी किंवा व्हॉल्व्हपाशी आले तर दोष टायरचा नाही, रिमच्या टेपचा (स्पोकची भोकं हवाबंद करणारी आतली पट्टी). जुनी टेप सोलून रिम स्पिरिटने पुसा आणि नवी टेप ताणून दोन वेढे द्या. बुडबुडे काठाशी आले तर रिमला पोचा आला आहे का ते बोटाने चाचपा. तिथे सीलंट कितीही ओता, फार दिवस टिकणार नाही.

शर्यतीत प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी) आणि हवा भरायचा छोटा सिलिंडर जवळ हवाच, कारण चाक बदलून मिळतं ते ठरावीक टेक्निकल झोनमध्ये, म्हणजे मदतीच्या ठरलेल्या जागीच. पॅरिस २०२४ ऑलिंपिकला ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचा टायर भर शर्यतीत पंक्चर झाला. चाक बदलून तो पुन्हा आघाडी गाठू शकला आणि सुवर्ण जिंकला. झोन दूर असता तर कठीणच होतं.

प्रश्न : पहिली सायकल हार्डटेल (फक्त पुढे धक्के झेलणारी) घ्यावी की फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे)?
– एक विद्यार्थिनी, इस्लामपूर

उत्तर : हार्डटेल. वाचलेले पैसे चांगले टायर आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेकवर घाला. ब्रेकचं तेल भरताना लिव्हरवर काय छापलंय ते वाचा. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड (दुसऱ्या प्रकारचं ब्रेकचं तेल) गेलं की सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतो.